पायाला काय झालं?

सांतियागोच्या वाटेवर, म्हणजे स्पेनमध्ये प्रेषित याकोबाच्या कबरीकडे जाणाऱ्या त्या जुन्या यात्रेला, का गेलीस, असं चर्चमध्ये अजून विचारतात. आपण काही प्रेषितांच्या अस्थींपुढे गुडघे टेकणाऱ्यांतले नाही, मग साधारण 780 किलोमीटर पायी जायचं कशासाठी? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर अजून कुणाला दिलेलं नाही. ते इथे लिहिते.

वीसेक वर्षं मी संडे स्कूलला बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकवला. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा केला म्हणजे काय? मी फळ्यावर तीन शब्द लिहायची: बुद्धी, इच्छाशक्ती, सदसद्विवेक. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. प्राण्यांना हे नाही, आपल्याला आहे, म्हणून आपण देवासारखे. मलाही असंच शिकवलं होतं, आणि पुढे थोडं वाचन झालं तेव्हा कळलं की जुन्या काळच्या धर्मपंडित ऑगस्टीननेही त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एका देवाची, खूण माणसाची स्मृती, बुद्धी आणि इच्छा या तिहींतच शोधली होती. म्हणजे माझी मांडणी अगदीच वाऱ्यावरची नव्हती.

मग आईचा आजार आला. तीन वर्षांत फळ्यावरचे शब्द एकेक करून पुसले गेले. आधी नावं गेली, मग माणसं, मग मी. “तू कोण गं?” ती विचारायची. पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पुढे सांगायची सवय झाली. आणि एका संध्याकाळी, त्या दिवसातल्या कितव्या वेळेला कोण जाणे, तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, “कुणी नाही.” दिवा मालवला आणि खोलीबाहेर आले.

त्यानंतर ती चार महिने होती. मी तिचं सगळं केलं. पण ते वाक्य परत घेतलं नाही, कारण घेऊन तिला काय कळणार होतं, असं मला वाटलं.

फ्रान्समधल्या सेंट-झाँ-पिए-द-पोरहून निघाले. पिरेनीज पर्वत धुक्यात चढले, धुक्यातच उतरले, दिसलं काहीच नाही. पाम्प्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस. बुर्गोसच्या कॅथेड्रलमध्ये अर्धा तास होते, त्यातला बराचसा वेळ बूट सैल करण्यात गेला. कोणत्या दिवशी कुठे होते ते आता यात्रेच्या वहीतले मुक्कामांचे शिक्के पाहूनच सांगता येतं. पहाटे उठायचं, वाट दाखवणारे पिवळे बाण शोधत चालायचं, दुपारी पोहोचायचं, मोजे धुवायचे, झोपायचं. चालताना मनात 8वं स्तोत्र. आईने पाठ करून घेतलेलं ते पहिलं स्तोत्र, पायांच्या ठेक्यात आपोआप यायचं. इतके दिवस म्हणत होते, पण शब्दांकडे लक्ष होतं असं नाही म्हणता येणार.

आणि चिडचिड होतीच. एका मुक्कामात शेजारच्या पलंगावर एक मनुष्य होता. पहाटे साडेचारला उठून तो प्लॅस्टिकच्या पिशव्या चाळवत बसायचा. एकात एक, त्यात आणखी एक. सलग तीन मुक्काम तो माझ्याच खोलीत. तिसऱ्या पहाटे मी अंधारात त्याला मराठीत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाषा कळली नाही, पण सूर कळला असावा. तो थांबला, पिशव्या छातीशी धरून तसाच अनवाणी बाहेर गेला. अर्ध्या तासाने मी त्याच तोंडाने प्रार्थना केली. ज्या जिभेने पित्याचा धन्यवाद करायचा तिनेच त्याच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप द्यायचा, हे याकोबाच्या पत्रातलं वचन (हा याकोब वेगळा, सांतियागोचा तो जब्दीचा मुलगा) मला तोंडपाठ आहे. तोंडपाठ असून आठवलं नाही.

पुएन्ते फितेरोच्या जुन्या धर्मशाळेत संध्याकाळी यात्रेकरूंचे पाय धुतात. मेणबत्त्यांच्या उजेडात, वेदीजवळ बसवून. माझेही धुतले. मी रडले. त्या रात्री वाटलं होतं की ज्यासाठी आले ते मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यातलं काही उरलं नव्हतं.

मग कारिओन दे लोस कोंदेस सोडलं. तिथून पुढच्या काल्सादियापर्यंत 17 किलोमीटर गाव नाही. जुन्या रोमन रस्त्याचीच ती वाट, सरळ, सपाट, दोन्हीकडे कापणी झालेली शेतं. मी उशिरा निघाले होते, ती चूक झाली. आठेक किलोमीटर गेल्यावर डाव्या टाचेत काहीतरी ओलं झालं आणि त्यानंतर प्रत्येक पावलाला कुणी तापलेली पट्टी लावावी तसं होऊ लागलं. थोडं लंगडत गेले. मग सरळ रस्त्याच्या कडेला सॅकवर बसले आणि बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. हळूहळू सोडवला तर वरची कातडीही त्याच्याबरोबर आली. फोडाखाली दुसरा फोड होता. सावली कुठेच नव्हती. मी पाय उन्हात धरून बसले आणि देवाशी भांडले. मोठ्याने, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

ती दोघं मागून आली. नवरा-बायको, ऐंशीच्या आसपासची, आयर्लंडची. आजोबांच्या हातात काळी छत्री, उन्हासाठी उघडलेली. ते थांबले, वाकले आणि म्हणाले, “अगं, पायाला काय झालं?” त्यांचा चेहरा असा झाला की जणू पाय त्यांचाच. खिशातून घडी केलेला पांढरा रुमाल काढून त्यांनी माझ्या हातात दिला. “याच्यावर ठेव. माती लागेल.” मी रुमाल जमिनीवर पसरून टाच वर ठेवली.

आजींनी सॅकमधून औषधाची पिशवी काढली. जखमेवर पाणी ओतलं, कडेची सुटी कातडी छोट्या कात्रीने कापली. त्यांची बोटं वाकडी झाली होती, सांधे सुजलेले, पण कात्री थरथरली नाही. आजोबा आमच्यावर छत्री धरून उभे होते. त्यांनी खाली पाहिलं.

“अगं, पायाला काय झालं?”

मी आजींकडे पाहिलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, “चालून चालून फोड आलाय तिला.” अगदी पहिल्यांदा सांगावं तसं. आजोबांचा चेहरा पुन्हा तसाच झाला. त्यांचा हात खिशात गेला, रुमाल नव्हता. दुसऱ्या खिशात गेला, तिथेही नव्हता. ते कावरेबावरे झाले. छत्री कलली, माझ्या डोळ्यांवर ऊन आलं. तेव्हा आजींनी माझी टाच एका हाताने उचलली, खालचा रुमाल काढला, झटकला, घडी घातली आणि त्यांच्या हातात ठेवला. काही बोलल्या नाहीत. आजोबांनी तो मला दिला. “याच्यावर ठेव. माती लागेल.”

हे पाच वेळा झालं. पाचही वेळा आजींनी हातातलं काम थांबवून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला, म्हणजे त्यांना तो मला देता यावा. तिसऱ्या वेळी त्यावर माझ्या रक्ताचा डाग पडला होता, तर त्यांनी डागाची बाजू आत घेऊन घडी घातली. आणि चौथ्या वेळी मला कंटाळा आला. हे लिहायलाच हवं. टाच दुखत होती, ऊन लागत होतं आणि मला वाटलं, पुरे आता, समजावून का नाही सांगत यांना.

पट्टी बांधून झाल्यावर मी आजींना विचारलं, तुम्हाला कंटाळा नाही येत?

“येतो की,” त्या म्हणाल्या. “काल रात्री मी ओरडले त्यांच्यावर. सकाळी त्यांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं.”

यात्रा दोघांनी मिळून ठरवली होती, फार वर्षांपूर्वी. “ते विसरले. मी नाही विसरले,” एवढंच म्हणाल्या. मग आजोबांचा हात धरून पुढे गेल्या. बराच वेळ ती काळी छत्री रस्त्यावर दिसत होती. रुमाल माझ्याकडेच राहिला.

उरलेले नऊ किलोमीटर मला चार तास लागले. त्या चार तासांत फळ्यावरचे ते तीन शब्द मी पुन्हा पुन्हा पाहिले. वीस वर्षं मी देवाचं प्रतिरूप माणसाच्या आत कुठेतरी ठेवत होते, डोक्यात, जिथून ते हरवू शकतं. पण उत्पत्ती तसं म्हणत नाही. तिथे कोणत्याच गुणांची यादी नाही. आणि तो शब्द पुढे पाचव्या अध्यायात परत येतो: आदामाला आपल्या प्रतिरूपाचा मुलगा झाला आणि त्याने त्याचं नाव शेथ ठेवलं. तोच शब्द, बाप आणि लेक यांच्यासाठी. शेथची बुद्धी कशी होती हे शास्त्र सांगत नाही. तो आदामाचा होता, एवढंच सांगतं. मूल आजारी पडलं, वेडं झालं, रागावून घर सोडून गेलं, तरी ते कुणाचं आहे हे बदलत नाही. जलप्रलयानंतर, म्हणजे माणूस किती बिघडू शकतो हे पाहून झाल्यावरही, मनुष्याचं रक्त सांडू नका याचं कारण देव तेच देतो: तो माझ्या प्रतिरूपाचा आहे.

आणि ते स्तोत्र. मी ते म्हणतच होते, सवयीने, दुखऱ्या टाचेच्या ठेक्यात. मर्त्य मानव तो काय की तू त्याची आठवण करावी. तिथे मी थांबले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ही ओळ म्हणत आलेय. त्यात आठवण देव करतो. माणसाने काय आठवायचं याचा तिथे शब्दही नाही.

एक गोष्ट मात्र इथे सोडून चालणार नाही. आजोबा मायाळू होते म्हणून त्यांच्यात मला देव दिसला असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझी आई आजारात मायाळू नव्हती. ती ओरबाडायची, आयुष्यात कधी उच्चारले नव्हते ते शब्द बोलायची, ताट भिरकावायची. विसरून गेलेली सगळी माणसं काही रुमाल देत नाहीत. प्रतिरूप चांगुलपणात असतं असं धरलं तर तिला पुन्हा वगळावं लागतं, आणि त्या पिशव्यावाल्यालाही. मला तो दिवसभर छातीशी पिशव्या धरून अनवाणी जाताना दिसत होता. ख्रिस्ती जीवन म्हणून आपण उपासना, दशांश, वचनपाठ असं बरंच काही मोजतो. त्याची जागा आहेच. पण नवा मनुष्य आपल्या निर्माणकर्त्याच्या प्रतिरूपाप्रमाणे नवा केला जात आहे असं पौल कलस्सैकरांना लिहितो, तेव्हा त्याच्या मागेपुढे राग, क्रोध, शिवीगाळ टाकून देणं, एकमेकांचं सहन करणं, क्षमा करणं असल्याच गोष्टी आहेत. पहाटे साडेचारच्या गोष्टी. ख्रिस्त अदृश्य देवाचं प्रतिरूप आहे हे मी ठामपणे मानते, आणि म्हणून त्याने कुणाला हात लावला ते पाहावं लागतं.

काल्सादियाला पोहोचले तेव्हा अंधारायला आलं होतं. मुक्कामात आजी-आजोबा झोपले होते. मी रुमाल धुतला आणि दोरीवर टाकला. डाग पूर्ण गेला नाही.

लेओन. मग लोखंडी क्रूस, जिथे सगळे घरून आणलेला दगड ठेवतात. मी आणला नव्हता. ओ सेब्रेइरोला पाऊस. या वाटेवर पिवळे बाण रंगवायला 1980च्या दशकात ज्यांनी सुरुवात केली ते पाळक एलियास वालीन्या तिथलेच. एका चुकलेल्या वळणावर त्यांचे आभार मानले होते, म्हणून तिथे दोन मिनिटं उभी राहिले. सारियापासून गर्दी वाढते, कारण यात्रा केल्याचा दाखला मिळायला शेवटचे 100 किलोमीटर चालले तरी पुरतात. गर्दीचा मला राग आला. येतो तो अजून.

पिशव्यावाला पुन्हा भेटला नाही. प्रत्येक मुक्कामात पाहिलं. त्याची क्षमा मागायची राहिली आहे आणि ती तशीच राहणार.

सांतियागोला 36व्या दिवशी पोहोचले. दाखल्याच्या रांगेत आजी दिसल्या. आजोबांना इतका वेळ उभं राहवेना, म्हणून मी त्यांना घेऊन चौकात जाऊन बसले. समोर कॅथेड्रल, लोक रडत होते, मिठ्या मारत होते, आडवे पडून मनोऱ्यांकडे पाहत होते. मी रुमाल काढून त्यांना दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, छान आहे म्हणाले आणि खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळले.

“तू कोण?”

मी नाव सांगितलं. आपण वाटेत भेटलो होतो, माझ्या पायाला लागलं होतं आणि तुम्ही मला रुमाल दिला होता, तेही सांगितलं.

“असं?” त्यांना फार आनंद झाला. त्यांनी वाकून माझ्या बुटांकडे पाहिलं. “आता बरा आहे का पाय?”

“बरा आहे.”

कबुतरं उडाली, ते त्यांच्याकडे पाहत राहिले. रांग लांब होती. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा मान वळवली आणि विचारलं, आणि मी सांगायला सुरुवात केली.