दोन तासांची सुट्टी

आज दोन तास मी काहीही केलं नाही. फॉस्टर केअरमधून (स्वतःच्या घरी राहू न शकणाऱ्या मुलाला आपल्या घरी सांभाळणं) माझ्याकडे आलेलं लेकरू अशाच दुसऱ्या सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे होतं. सांभाळणाऱ्याला मिळणाऱ्या अशा थोड्या विसाव्याला 'रेस्पाइट केअर' म्हणतात, हे वर्षभर माहीत होतं, पण मागायची लाज वाटायची. हौसेनं सांभाळायला आणलं आणि आता सुट्टी हवी?

पण हल्ली त्याच्या मनातली भीती माझ्या झोपेत शिरली होती. दार आपटलं की त्याच्याआधी मीच दचकायचे. समुपदेशक म्हणाल्या, मुलाचा आघात ऐकता ऐकता सांभाळणाऱ्यालाही लागतो, त्याला दुय्यम आघात म्हणतात. नाव कळलं आणि निम्मं ओझं उतरलं. (उरलेलं निम्मं आहेच!)

निवांत आंघोळ केली. कुणी दार ठोठावलं नाही.

संध्याकाळी आला, बूट न काढताच विचारलं, "तू इथेच होतीस ना?"

"इथेच होते रे."