डाव्या अंगानं बोला

आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात निवृत्तीवेतन असं कुणी म्हणत नाही, 'निराधारचा पगार' म्हणतात. त्या पगाराचा नामंजूर झालेला अर्ज घेऊन एक जोडपं आलं, त्यांना मी मामा आणि मावशी म्हणते, तेव्हा मी तालुक्याला विधी सेवेच्या टेबलावर होते. मी तिथं विधी स्वयंसेवक आहे. दिव्यांग माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या कायद्यात कलम 12 मध्ये तसं स्पष्ट आहे. तरी लोक दारातूनच 'फी किती' विचारतात.

नामंजुरीत एकच ओळ होती: दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी, अपात्र. मामांना 36 टक्के बसले होते. सोयाबीनच्या मळणी यंत्रात उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलेलं. त्याआधी दोघं जोडीनं कारखान्याला ऊसतोडीला जायची, पूर्ण कोयता, म्हणजे तोडणीची पूर्ण जोडी. आता मावशी एकट्या जातात आणि मजूर नेणारा मुकादम मामांना अर्ध्या कोयत्यातही धरत नाही.

असं झालं की लोक तहसीलवर चिडतात आणि तिथंच अर्जावर अर्ज टाकतात. पण टक्के बदलायचा अधिकार तहसीलला नाहीच. भांडण सर्टिफिकेटशी आहे, आणि त्याची वाट 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम 59 मधून जाते. प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या निर्णयावर अपील करता येतं. सर्टिफिकेट हातात ठेवताना ही एवढी गोष्ट सांगायला काय लागतं? आजवर माझ्याकडे आलेल्या एकालाही ती कुणी सांगितलेली नव्हती.

अपिलात मी सगळा जोर हातावर दिला होता. तिसऱ्या भेटीत मसुदा पुढं ठेवला आणि विचारलं, "मामा, डाव्या हातानं सही जमेल का?"

"हो."

पेन दिला. ते पेनाकडं बघत बसले. मी पुन्हा विचारलं. "हो, हो."

मावशींनी त्यांच्या खांद्याला हात लावला. मामांनी मान वळवली, तेव्हा कुठं मावशी बोलल्या. मग मला म्हणाल्या, "ताई, त्याह्यच्या डाव्या अंगानं बोला. उजव्या कानानं काईच येत नाई, डाव्यानं बी कमी. ल्हानपणापसून कान वाहायचा."

"डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"त्याह्यनी हाताचं इचारलं, आमी हाताचं सांगितलं."

दोन भेटी मी त्यांच्या उजवीकडं बसून बोलले होते आणि प्रत्येक 'हो' लिहून घेतला होता. तो मसुदा मी फाडला.

दोन प्रकारचं दिव्यांगत्व असलं की टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. नव्वदातून मोठा आकडा वजा करायचा, उरेल त्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदनं भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. मी वहीत मांडून पाहिलं. कानाचे दहा टक्के जरी बसले, तरी 36 चे 42 होत होते.

फेरतपासणीच्या दिवशी मी सोबत गेले. कागदावरची नजर न काढता डॉक्टरांनी विचारलं, "ऐकायला काही त्रास?"

मामा म्हणाले, "नाही."

अपिलात कानाचं लिहिलेलं होतं, तरी डॉक्टरांचा पेन टेकत होता. मी म्हटलं, "सर, एकदा त्यांच्या मागं उभं राहून हाक मारा." ते उठले, हे त्यांचं मोठेपण. तीनदा हाक मारली. मामा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होते. मग ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकण्याची तपासणी, झाली. कानाचे 20 टक्के, एकत्र 48.

पहिल्या वेळीही कुणीतरी 'आणखी काही त्रास?' असं विचारलं असेल आणि मामांनी असंच 'नाही' म्हटलं असेल, हे डोक्यातून जात नाही. पहिल्या डॉक्टरांवरचा माझा राग त्या दिवसापासून धड धरता येत नाही आणि सोडताही येत नाही. मावशी बाहेर बाकावर होत्या. आत एकावेळी एकच माणूस, असा तिथला नियम. तपासणीच्या खोलीत सोबतचं माणूस असलंच पाहिजे, असं मी आता प्रत्येक अर्जात लिहिते.

दिव्यांगत्वाचं नवीन कार्ड आलं, पिवळ्या पट्टीचं, म्हणजे चाळीस टक्के ओलांडल्याचं. निराधारचा अर्ज पुन्हा टाकला आहे. आता दिव्यांगांना महिन्याला 2,500 रुपये मिळतात. पण दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 आहे, आणि तलाठ्यांनी मावशींची उचल उत्पन्नात धरली आहे. उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, अंगावरचं देणं, ती ऊस तोडून फेडायची असते. सोमवारी मुकादमाची वही घेऊन तलाठ्यांकडं जायचं आहे.