ही झाडं एवढीशीच कशी राहतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या खिडकीशी मातीच्या परळांत आणि जुन्या ट्रेंमध्ये ज्या बुटक्या बागा मांडल्या आहेत, त्या बघायला घरी आलेला माणूस आधी वाकतो, मग मोबाइल काढतो आणि चहा येईपर्यंत ठरलेला प्रश्न विचारतो: "ही झाडं एवढीशीच कशी राहतात? काही औषध मारता का?" हल्ली याला सगळेच फेअरी गार्डन म्हणतात. एक छोटं घर, घराकडे जाणारी खडीची वाट, एखादं बाकडं, आणि या सगळ्याला शोभतील अशा मापाची झाडं.

तर, ती एवढीशी राहत नाहीत. चांगली वाढतात. आपण त्यांना लहानपणी गाठलेलं असतं आणि जमेल तितके दिवस धरून ठेवलेलं असतं, इतकंच.

औषध असतं, हे खरं. कोकणातल्या कुठल्याही आंबा बागायतदाराला विचारा, कल्टार त्याला माहीत असतंच. पॅक्लोब्युट्राझोल हे त्यातलं रसायन. झाडाची उंची वाढवणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार होण्याला ते आळा घालतं, मग पालवीचा जोर कमी होतो आणि झाड मोहोराकडे वळतं. फुलांच्या धंद्यात कुंडीतल्या शेवंतीला, पॉइन्सेटियालाही अशीच वाढ रोखणारी औषधं देतात, म्हणजे रोप आटोपशीर दिसतं आणि गाडीत जास्त कुंड्या मावतात. नर्सरीतून आणलेलं गुटगुटीत रोप काही महिन्यांनी लांब मानेचं व्हायला लागलं, तर आपल्या हाताला गुण नाही असं लगेच समजू नका. एक तर खिडकीत उजेड कमी पडतोय, नाहीतर त्याचं औषध उतरलंय. मी स्वतः काही मारत नाही. ट्रे जेवायच्या टेबलाला लागून आहे आणि मला एवढी घाईही नाही.

मग मी करते काय, तर झाडं निवडते आणि कापते.

जातीनंच बुटकी अशी झाडं फार थोडी. माझी सगळ्यात लाडकी तर फुकट मिळते. पावसाळ्यात जिन्याच्या ओल्या भिंतीच्या फटीत, गटाराच्या कडेला, दुसऱ्याच कुठल्या तरी कुंडीत आपोआप उगवणारं ते मऊ, रसरशीत, बारीक पानांचं झुडूप तुम्ही हजारदा उपटून टाकलं असेल. ते पायलिया. मूळचं अमेरिकेतलं, पण आता इथलंच झालंय. एकेक पान तीन-चार मिलिमीटरचं. फांदी मोडून ओल्या मातीत खोचली की लागते. फुलं दिसतही नाहीत इतकी बारीक, पण उन्हात नीट बघत बसलात तर एखादी कळी फुटून परागांचा धूर फुर्रकन उडताना दिसतो.

बाकीची सगळी मोठ्या झाडांची पोरं. बारीक गोल पानांचं जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. तिकडे त्याला स्पेकबूम म्हणतात, ते माणसापेक्षा उंच होतं आणि हत्ती त्यावर ताव मारतात. माझ्याकडे ते अंगणातला वड म्हणून उभं आहे. अरेका पामचं कोवळं रोप काही महिने नारळाचं काम करतं, मग छपराला डोकं लावतं आणि त्याची बदली होते. भिंतीवर चढणारी फायकसची वेल तर मजेशीर आहे. कोवळ्या वयात तिची पानं नखाएवढी असतात आणि ती भिंतीला चिकटून सरपटते. वयात आली की तिच्या फांद्या भिंतीपासून सुटून बाहेर येतात, पानं मोठी आणि जाड होतात, अंजिराच्या घाटाची फळं धरतात. एकच वेल, पण दोन वेगळी झाडं वाटावीत. ट्रेमध्ये शेंडा खुडत राहिलं की ती वयात येतच नाही.

हे बोन्साय नव्हे, हेही सांगून टाकते. बोन्सायवाले मुळं छाटतात, तार बांधतात, एकेका फांदीचा वर्षानुवर्षं विचार करतात. माझ्याकडे भुवया कोरायची कात्री आहे आणि रविवार सकाळ आहे.

आता माप. झाड लहान असून भागत नाही, पान लहान लागतं. बाहुलीघरांचं जगभरचं रूढ प्रमाण एकास बारा, म्हणजे एका फुटाला एक इंच. ट्रेमध्ये ते फार मोठं होतं, म्हणून मी त्याच्या निम्मं, एकास चोवीस धरते. सात फुटी दरवाजा साडेतीन इंचांचा. आता याच हिशेबानं पानं मोजा. पायलियाचं चार मिलिमीटरचं पान त्या दारात उभं राहणाऱ्याला दहा सेंटिमीटरचं दिसेल, पिंपळाच्या लहान पानाएवढं. छान. जेडचं सेंटिमीटरभर पान त्याला चोवीस सेंटिमीटरचं, म्हणजे सागाच्या जरा खालचं. चालतंय. पण फिटोनियाचं पाच सेंटिमीटरचं गुलाबी शिरांचं पान त्याला सव्वा मीटरचं वाटेल, केळीच्या बागेत शिरल्यासारखं. दुकानातून आणलेल्या तयार बागा कुठे तरी खोट्या वाटतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. घर सुबक असतं, पण शेजारचं पान घराच्या छपराएवढं. म्हणून फिटोनिया लावायचाच असेल तर पुढे, कडेला लावा. घराजवळ नको.

पाणी मात्र कुठल्याच प्रमाणात बसत नाही. छपराच्या कडेला लोंबणारा थेंब चार-पाच मिलिमीटरचाच राहणार, म्हणजे त्या घरातल्यांच्या लेखी डाळिंबाएवढा. त्यामुळे बशीतलं तळं, काचेचा धबधबा वगैरे भानगडीत मी पडत नाही. निळसर खडी पसरायची, तळं झालं.

खरा घोळ पाण्यानंच होतो, आणि तो दिसण्याचा नव्हे, झाडं कुजण्याचा. तुम्ही म्हणता, "आम्ही खाली खडीचा थर दिला होता, तरी कुजलं." थर दिला होता म्हणूनही असेल. भांडी घासायचा नवा, कोरा स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा, सपाट धरा. ठिबकायचं थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा ठिबकायला लागतो. स्पंज तोच, आतलं पाणी तेच, वाढली ती फक्त उंची. मातीचंही असंच असतं. कुंडी कितीही खोल असो, तळाशी एक ठरावीक जाडीचा थर पाणी सोडतच नाही. खोल कुंडीत तो मुळांपासून दूर, खाली राहतो. चार इंची ट्रेमध्ये मुळं त्याच थरात बसलेली असतात. खाली खडी घातलीत तर पाणी सहज खडीत उतरत नाही, ओला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांना उरलेली जागाही जाते. त्यापेक्षा सगळी मातीच भरभरीत करा. मी विटांचा चाळलेला चुरा निम्म्याहून जास्त घेते, बाकी कोकोपीट आणि गांडूळखत. विटांची पूड झाली असेल ती चाळून टाकायची, नाहीतर तिचा चिखल होतो. ट्रेला भोकं हवीतच. पाणी मी देवाच्या जुन्या पळीनं घालते, कारण तांब्यानं घातलं की वाट वाहून जाते आणि बाकडं उलटं पडतं.

एका ट्रेमध्ये जेड आणि फिटोनिया शेजारी लावू नका. एकाला कोरडं आणि ऊन हवं, दुसरा तहान लागली की मूर्च्छा आल्यासारखा आडवा पडतो आणि पाणी मिळालं की तासाभरात उठून बसतो. दोघांना खूश ठेवणं कुणाला जमलेलं नाही.

हिरवळीसाठी शेवाळ. त्याला खरी मुळं नसतात, त्यामुळे पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यावरून कलथ्यानं अलगद सोडवून आणता येतं. उन्हाळ्यात ते वाळून तपकिरी होतं, तेव्हा मेलं म्हणून फेकू नका. पाणी शिंपडलं की पुन्हा हिरवं होतं. बोअरचं जड पाणी मात्र त्याला मानवत नाही, वर पांढरी खर धरते. पावसाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलेलं बरं.

परी कुठाय, असं मुलं विचारतात. मी ठेवत नाही. बाजारात मिळणाऱ्या पंखवाल्या प्लॅस्टिकच्या पऱ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या अळंब्यांच्या लाल छत्र्या थंड देशांतल्या जंगलांतून आलेल्या. ती लाल छत्री तिकडे बर्च आणि पाइनच्या मुळांशी उगवते. माझ्या ट्रेमध्ये पावसाळ्यात कधी कधी सकाळी खऱ्याच छत्र्या वर आलेल्या असतात, लिंबासारख्या पिवळ्याधमक, खतातल्या बुरशीच्या. संध्याकाळपर्यंत माना टाकतात. झाडांना त्यांचा त्रास नाही, पण विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर लगेच उपटून टाका. आणि आपल्याकडच्या पऱ्या म्हणाल, तर त्या विहिरीवरच्या साती आसरा. त्यांना शोभेसाठी टेबलावर बसवायची कल्पना माझ्या आजीला सांगून बघायला हवी होती.

तसं पाहिलं तर आपण सगळेच हे करत आलोय. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय? विटा, गोणपाट, लाल माती, वर महाराज, पायऱ्यांवर मावळे, आणि चार-पाच दिवसांत तरारून येणारं अळीव. त्या अळिवाबद्दल मात्र कुणी विचारत नाही की हे एवढंसंच कसं राहतं. कारण तुळशीचं लग्न लागेस्तोवर किल्ला मोडलेला असतो आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. ट्रे घरात आणला की मात्र आपल्याला तो शोकेसमधल्या वस्तूसारखा कायमचा, जसाच्या तसा हवा असतो. तो तसा मिळणार नाही. वर्षभरात निम्मी झाडं बदलावी लागतात. घर तेच, वाट तीच, गाव नवं.

आणि वास्तूत चालतं का, तर वास्तूवाले बुटकी झाडं घरात नको म्हणतात ते बोन्सायबद्दल ऐकलंय. एक पायलिया सोडलं, तर माझी कुठलीच बुटकी नाहीत, वर सांगितलंच.

कापलेलं काही फेकू नका. जेडची फांदी दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग खोचा. ओली खोचलीत तर सडते. पायलिया लगेच लावा. मोठी झालेली पाम आणि फायकस आमच्या जिन्यात एका ओळीत ठेवलेली असतात, ज्याला हवं त्यानं न्यावं. तुम्हालाही मिळेल, कुंडी तेवढी घरून आणा.