घरचं कॅलेंडर आणि कोऱ्या चौकटींचा हिशेब

मराठी घराच्या भिंतीवर कॅलेंडर नाही असं सहसा होत नाही. १९७३ पासून 'कालनिर्णय' आहेच, शिवाय वाण्याचं नाहीतर पतपेढीचं फुकट आलेलं एखादं दाराआड लटकत असतं. तिथी, नक्षत्र, चंद्रोदय, संकष्टी, सगळं त्यात सापडतं. सापडत नाही ती लिहायला जागा. दुधाचा रतीब, मावशींचे खाडे, गॅसचा नवा सिलिंडर कधी लावला, इस्त्रीला किती कपडे गेले, हे सगळं षष्ठी आणि पुष्य नक्षत्राच्या मधल्या फटीत कोंबलेलं असतं. महिनाअखेरीला ते लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाही.

म्हणून वर्डमध्ये घरचं कॅलेंडर करायला बसणाऱ्यानं पंचांगाच्या वाटेला जाऊच नये. ते काम छापील कॅलेंडर उत्तम करतं. आपल्याला हवी आहे कोरी जागा, आणि ती मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावी लागते. तयार टेम्प्लेट इथंच फसवतात. वर मोठा फोटो, कडेला वेलबुट्टी आणि तारखेची चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी.

आडवा ए-फोर कागद २९७ मिलिमीटर रुंद, २१० मिलिमीटर उंच. वर स्पायरलसाठी २ सेंटिमीटर सोडायचे, बाकी तिन्ही बाजूंना १ सेंटिमीटर. त्याहून कमी समास ठेवला तर बहुतेक घरगुती प्रिंटर कडा खातात, आणि खालची कड आधी. उरली रुंदी २७७ मिलिमीटर. सात वारांत वाटली की एका चौकटीला साडेएकोणचाळीस. उंची उरते १८ सेंटिमीटर. त्यातून महिन्याच्या नावाला पावणेदोन सेंटिमीटर, वारांच्या ओळीला ८ मिलिमीटर, आणि सहा आठवड्यांना प्रत्येकी अडीच सेंटिमीटर.

सहा आठवडे कशाला, पाच पुरे की, असं वाटतं खरं. २०२७ चा जानेवारी बघा. १ तारीख शुक्रवारी, दिवस ३१. आठवडा रविवारपासून धरला तर ३१ तारीख एकटीच सहाव्या ओळीत जाऊन बसते. त्या वर्षी मे आणि ऑक्टोबरही असेच. आठवडा सोमवारपासून धरला तर हा त्रास फक्त मे आणि ऑगस्टला, आणि फेब्रुवारी तर चार ओळींत चपखल बसतो. पण आपल्याकडे रविवार पहिला, तोही लाल, ही नजरेची सवय आहे. ती मोडायला जाऊ नये. लोक सोमवारच्या जागी रविवार वाचतात आणि दंतवैद्याची वेळ चुकते.

तारखा हातानं टाइप करायची गरज नाही. सात बाय सहाचं टेबल करून सगळ्या ४२ चौकटी निवडायच्या आणि क्रमांकांचं बटण दाबायचं. वर्ड प्रत्येक चौकटीत एकेक आकडा टाकत जातो. मग या जानेवारीसाठी पहिल्या पाच आणि शेवटच्या सहा चौकटींचे क्रमांक काढायचे. उरलेले आपोआप १ ते ३१ होतात. आकड्यामागचा टिंब आणि डावीकडची जास्तीची जागा काढून टाकायची. पुढच्या महिन्यासाठी टेबल कॉपी केलं की आकडे ३२ पासून सुरू झालेले दिसतील. घाबरायचं नाही. पहिल्या आकड्यावर राइट क्लिक करून क्रम पुन्हा १ पासून लावायचा.

या सोयीत एक खोडी दडलेली आहे. १४ तारखेच्या चौकटीत 'आजीचा वाढदिवस' लिहायला कुणी एंटर मारला, की १५ तारीख त्याच चौकटीत उगवते, पुढच्या सगळ्या तारखा एकेक घर सरकतात आणि महिना ३२ दिवसांचा होतो. नवी ओळ हवी तर शिफ्ट धरून एंटर. वर्षाची सगळी पानं तयार झाली की प्रत्येक महिन्याची शेवटची तारीख आणि तिचा वार तेवढा छापील कॅलेंडरशी ताडून बघावा. ती बरोबर तर मधल्याही बरोबर.

ओळीची उंची टेबल प्रॉपर्टीजमध्ये 'एक्झॅक्टली' अशी बांधून टाकायची. 'अ‍ॅट लीस्ट' ठेवली तर एका चौकटीत दोन शब्द जास्त झाले की ती ओळ फुगते आणि शेवटचा आठवडा पुढच्या पानावर. मजकुराप्रमाणे रकान्यांची रुंदी आपोआप बदलण्याची खूणही काढायची, नाहीतर 'लग्नाचा पंचविसावा वाढदिवस' ज्या वारी येतो तो वार शेजाऱ्याची जागा बळकावतो. ओळींमधलं अंतर मात्र फार आवळू नये. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ९ पॉइंटचं अक्षर १० पॉइंटच्या ओळीत कोंबलं की 'तीर्थ'चा रफार कापला जातो. १४ पॉइंट द्यावेत. मंगल फॉन्ट मुळातच उंच जागा मागतो. कोकिळा त्याच आकड्याला बारीक दिसतो, तेव्हा तो दोन-तीन पॉइंट वाढवून घ्यायचा.

वर्डऐवजी लिबरऑफिस रायटर वापरणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. इंग्रजी आकडे २० पॉइंटचे करून नंतर शोधा-बदला करून देवनागरी केले की ते एकदम लहान होतात. तिथं देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळ्या खात्यात नोंदलेला असतो, तिथंही २० करावा लागतो. आणि हे बदल करताना शेवटच्या पानावर दूरध्वनी क्रमांक लिहिले असतील तर तेही देवनागरी होतात.

महिन्यामागून एक कोरं पान निघतं, हे तर हमखास. वर्ड टेबलनंतर एक रिकामा परिच्छेद ठेवतोच, तो पुसता येत नाही. त्याचं अक्षर १ पॉइंट, ओळीचं अंतर नेमकं १ पॉइंट आणि आधी-नंतरची जागा शून्य केली की तो पानाच्या तळाशी गपगुमान बसतो.

ज्यांना वार डावीकडे आणि तारखा वरून खाली अशीच सवय आहे त्यांनी उभा कागद घ्यावा. आपोआप क्रमांक इथं चालणार नाहीत, कारण ते आडवेच धावतात. तारखा टाइप कराव्या लागतील. पण सहावा रकाना वाचवण्याची युक्ती इथं शोभते: ३० आणि ३१ सहाव्या आठवड्यात जात असतील तर पहिल्या रकान्यातल्या रिकाम्या रविवार-सोमवारी बसवायच्या. वारांना १६ मिलिमीटर दिले तरी पाच रकान्यांना प्रत्येकी जवळजवळ ३५ मिलिमीटर मिळतात. सहा केले असते तर २९.

छापायचा मजकूर अगदी थोडा असावा. वाढदिवस, विम्याचा हप्ता, घरपट्टी, शाळेच्या परीक्षा, बस. तारखेचे दिवस मागच्या वर्षीच्या फाइलवरून उचलता येतात, तिथीचे नाही. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला, आणि २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला. आजोबांचं वर्षश्राद्ध तिथीनं असेल तर ते दरवर्षी पंचांग उघडूनच भरायचं.

रविवारच्या चौकटीला गुलाबी रंग देऊ नये. शाई जाते आणि पेन्सिल उमटत नाही. आकडा लाल पुरे. फोटोचा आग्रहच असेल तर मुखपृष्ठावर. चकचकीत फोटो पेपरवर बॉलपेन घसरतं, ७० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्स कागदावर शाईचं पेन फुटतं. १०० जीएसएम बरा. दुकानात देताना पीडीएफ द्यावी, कारण तिथल्या संगणकात आपला फॉन्ट नसला की सगळी मांडणी कोलमडते. छापताना 'फिट टू पेज' नको, शंभर टक्के आकार सांगायचा. घरात चष्मे जास्त असतील तर तेच पान १४१ टक्क्यांनी वाढवून ए-थ्रीवर घ्यावं. साडेएकोणचाळीस बाय पंचवीसची चौकट जवळजवळ छप्पन्न बाय पस्तीस होते. मागची बाजू कोरीच ठेवायची, दुधाची बेरीज तिथं होते.

बारा पानं एकदम मात्र काढू नयेत. आधी फक्त जानेवारी छापून ओट्याजवळ आठवडाभर लावावा आणि घरातल्या प्रत्येकाला आपापल्या पेनानं लिहू द्यावं. 'सिलिंडर लावला' एका ओळीत मावत नसेल तर तारखेचा आकडा २० वरून १४ पॉइंट करून कोपऱ्यात सरकवायचा, मग बाकीची अकरा पानं दुकानात.