स्पिरिटचा बोळा

एका शिंगराच्या मानेतून १० मिलिलिटर रक्त काढायला आम्हाला १९ दिवस लागले. एरवी गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत हे दहा मिनिटांचं काम. त्या १९ दिवसांत काय झालं ते तारीखवार सांगता येतं. का झालं, ते अजून पुरतं सांगता येत नाही.

नेवाडाच्या पश्चिम भागात, रेनोच्या आसपास, मी गुराढोरांची आणि घोड्यांची डॉक्टर आहे. इथल्या माळावरचे मोकाट घोडे म्हणजे मस्टँग. १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं आणि त्यांची देखभाल मुख्यतः ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे आली. पाऊस तुटपुंजा, चारा त्याहून तुटपुंजा, आणि कळप वाढतच राहतात. खात्याच्या हिशेबाने सगळ्या माळांना मिळून घोडे आणि गाढवं जेमतेम २५-२६ हजार पेलतात. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या दुपटीच्या वर असतो. म्हणून कळप हाकून आणायचे आणि त्यातली जनावरं लोकांना दत्तक द्यायची. रेनोच्या उत्तरेला पॅलोमिनो व्हॅलीत खात्याचं मोठं केंद्र आहे. हे शिंगरू तिथलंच.

ते फेरणारी, म्हणजे माणसाळवून शिकवणारी, मुलगी १५ वर्षांची. दत्तक घेणारा किमान १८ वर्षांचा लागतो, त्यामुळे कागद बापाच्या नावावर. १८ महिन्यांच्या आतल्या जनावराला ५ फुटी कुंपण चालतं, त्यावरच्या न माणसाळलेल्या घोड्याला ६ फुटी लागतं. शिंगरू १६ महिन्यांचं होतं, तरी हिने आधीच ६ फुटी लोखंडी पॅनेल लावून घेतली होती. जागा एका जनावरामागे किमान ४०० चौरस फूट, वर आडोसा, काटेरी तार अजिबात नको. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. बापाला नव्हतं.

शिंगरू घेतलं होतं ते मस्टँग माणसाळवण्याच्या एका स्पर्धेसाठी. या स्पर्धा मस्टँग हेरिटेज फाउंडेशनने २००७ साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थपासून सुरू केल्या: सुमारे १०० दिवसांत रानातला घोडा फेरायचा आणि रिंगणात दाखवायचा. मोठी माणसं घोड्यावर बसून दाखवतात. मुलांच्या गटात ८ ते १७ वयाची मुलं असतात, त्यांच्याकडे शिंगरू असतं आणि त्याच्यावर बसायचं नसतं, कारण त्या वयात पाठीची हाडं भरलेली नसतात. पाय उचलून देणं, गाडीत चढणं, लाकडी पुलावरून जाणं, एल आकाराच्या वाशांमधून मागे मागे सरकणं, हे सगळं दोराच्या टोकाला उभं राहून. लोक विचारतात, बसत नाही तर शिकवते काय? मला या प्रश्नाचा राग येतो. पाठीवर बसलेल्याच्या हातात लगाम असतो आणि पायात रिकीब. जमिनीवर उभ्या असलेल्या ५० किलोच्या मुलीच्या हातात फक्त १२ फुटांचा दोर असतो आणि पलीकडे अडीचशे किलोचं बुजरं जनावर.

पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर शिंगरू जन्मतं ते माणसाच्या हातात. पुसून काढलं जातं, पहिल्याच दिवसांत मोरकी चढते, खुरांना हात लागतो. मस्टँगला माणूस माहीत असतो तो हाकणारा. गाजर आणि सफरचंद म्हणजे खायची वस्तू आहे हेही त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे खाऊ दाखवून जवळ बोलावणं सुरुवातीला चालत नाही. केंद्रात महिनोन् महिने वाळकं गवतच खाल्लेलं असतं. तेच एक ओळखीचं.

मुलीने पहिले तीन दिवस फक्त गवत टाकलं आणि कुंपणाच्या आत बादली पालथी घालून बसली. चौथ्या दिवशी चालायला लागली. सरळ शिंगराकडे नाही, तिरकी, खांद्याच्या रोखाने, नजर खाली. शिंगराने पाय हलवायच्या आधी, नुसता कान वळवला की ती थांबायची आणि पाठ फिरवून दोन पावलं मागे जायची. सगळी विद्या या मागे जाण्यात आहे. दाब दिल्याने घोडा शिकत नाही, ढील मिळाली की शिकतो. आणि ती ढील त्याच क्षणी मिळावी लागते. दोन सेकंद उशीर झाला तर तो भलतंच काही शिकतो. शिंगरू पळालं आणि नेमकी तेव्हाच तुम्ही पाठ फिरवली, तर पळालं की माणूस जातो, हा धडा पक्का.

पहिला स्पर्श हाताने केला नाही. १० फुटांच्या बांबूला चिंधी बांधून, मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर. तिथे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात, म्हणून तो स्पर्श त्यांना परका नसतो. मग बांबू रोज थोडा आखूड धरायचा, शेवटी हात. नवव्या दिवशी हात लागला, चौदाव्या दिवशी मोरकी चढली. मोरकीला ८ फुटांचा दोर लोंबता ठेवला. शिंगराचा स्वतःचाच पाय त्यावर पडतो, डोकं अडतं, आणि ओढण्याऐवजी मान सैल सोडली की सुटका होते हे ते आपलं आपण शिकतं. हा दोर तिच्या नजरेसमोर असतानाच ठेवायचा. रात्री काढून टाकायचा. डाव्या बाजूने जे शिकवलं ते उजव्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून. चाळिसाव्या दिवशी नालबंदाला चारही खूर तासू दिले. मी पाहिलेल्या कित्येक मोठ्या माणसांचे घोडे तेवढ्या दिवसांत इतके पुढे गेलेले नव्हते.

आता रक्ताचं. स्पर्धा शेजारच्या राज्यात होती. राज्याची हद्द ओलांडायला घोड्याचा आरोग्य दाखला लागतो, जो बहुतेक ठिकाणी ३० दिवसच चालतो, आणि कॉगिन्स चाचणी लागते. ही अश्वांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची चाचणी. लेरॉय कॉगिन्स यांनी १९७० च्या सुमाराला विकसित केलेली. हा विषाणू घोडमाश्यांमुळे आणि दूषित सुयांमुळे पसरतो. लस नाही, इलाज नाही; चाचणी बाधित आली की घोडा मारायचा किंवा जन्मभर बाकी घोड्यांपासून किमान २०० यार्डांवर ठेवायचा. सरकारी केंद्रात शिंगराची चाचणी झालेली होती, पण स्पर्धेच्या तारखेला तिला १२ महिने उलटत होते. म्हणून नवं रक्त.

मुलीने फोन करून मला विचारलं होतं, तुम्ही नेमकं काय काय करता? मी सांगितलं: खांद्यापाशी उभी राहते, मानेच्या खालच्या खोबणीत डाव्या अंगठ्याने शीर दाबते, ती फुगली की वरच्या तिसऱ्या भागात २० नंबरची सुई, मागे लाल टोपीची काचेची नळी. तिने रोज ही तालीम घेतली. अंगठा दाबून २० सेकंद, कातडीला चिमटा, पेनाचं बोथट टोक, नळीचा खुळखुळाट. परक्या माणसाची सवय व्हावी म्हणून शेजारणीला टोपी घालून उभं केलं आणि तिच्याकडूनही करून घेतलं.

बासष्टाव्या दिवशी मी गेले. शिंगरू डोकं खाली घालून उभं, एक मागचा पाय सैल. मी डाव्या खांद्याशी गेले, हात फिरवला, अंगठा दाबला, शीर बोटाएवढी फुगली. काही नाही. अंगठा काढला, खिशातला स्पिरिटचा बोळा घेतला आणि मानेवर एक पुसा मारला.

पुढचं एका श्वासात घडलं. डोकं वर, चारी पाय एकदम मागे, पॅनेलवर धडक, आणि पलीकडच्या कोपऱ्यात थरथर. मुलीने दोर हाताला गुंडाळला नव्हता. तो तिने तळव्यातून सरकू दिला आणि ती शिंगराच्या सोबत मागे मागे चालत गेली. ओढलं नाही, ओरडली नाही. ओढलं असतं तर शिंगराची मान तरी दुखावली असती किंवा तिचा खांदा.

माझ्याकडे उपाय होते. जिभेखाली लावायचं गुंगीचं जेल असतं, पण त्याला ४० मिनिटं लागतात, आणि आधीच बिथरलेल्या घोड्यावर गुंगी नीट चढत नाही. दुसरा उपाय नाकाला दोरीचा पीळ घालायचा. माझा एक सहकारी असल्या वेळी तोच घालतो आणि पाच मिनिटांत काम उरकून येतो. रक्त मिळतं हे खरं. पुढे वर्षभर त्या घोड्याच्या नाकाला कोणी हात लावू शकत नाही, हे त्याला कळत नाही, कारण वर्षभर तिथे जाणारा तो नसतो.

मुलगी म्हणाली, "आज नको, डॉक्टर. पण लगेच जाऊ नका." मी तशीच गेले असते, तर उधळलं की डॉक्टर जाते, हेच शिंगरू शिकलं असतं. बोळा गाडीत ठेवून, हात धुऊन परत आले. वीस मिनिटांनी कोरडा हात खांद्यावर ठेवू दिला. मग मी निघाले. बाप फेरीचे पैसे मोजताना काही बोलला नाही, पण दुसऱ्या फेरीचे पुन्हा द्यावे लागणार हे त्याला दिसत होतं. आमच्या धंद्यात बिल फेरीवर होतं आणि धीर धरणाऱ्या मालकाला दुप्पट पडतं. ही पद्धत मला पटत नाही.

रात्री तिचा फोन. "मानेवरची खूण करताना काय लावतात?"

खात्याने मस्टँगच्या मानेवर केलेली ही खूण मी हजार वेळा वाचली आहे. मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली, कोनांच्या चिन्हांत सरकारची निशाणी, जन्मवर्ष आणि नोंदणी क्रमांक. शिंगरू कुमाईत, म्हणजे गडद तांबूस, म्हणून पांढरे केस उठून दिसतात. ती करायची रीत मी तिला घडाघडा सांगितली: जनावर लोखंडी खोड्यात घ्यायचं, मानेचे केस भादरायचे, स्पिरिटने जागा धुवायची, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार केलेलं लोखंड टेकवायचं. केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि तिथे पांढरे केस येतात. सांगताना ‘स्पिरिटने’ या शब्दापाशी मी अडखळले. सगळं माहीत होतं आणि फोनवर तालीम सांगताना तेवढंच सांगितलं नव्हतं. ते सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

त्यात स्पिरिटच्या एका पुशाने केसाळ मान निर्जंतुक वगैरे काही होत नाही. केस बसतात, शीर दिसते, एवढंच. ही आमची सवय आहे.

दुसऱ्या दिवसापासून तिने स्पिरिटचं शिक्षण सुरू केलं. उघडी बाटली गवतापासून १५ फुटांवर, मग १०, मग ५. मग हातमोज्याला चार थेंब आणि त्याच हाताने गवत. मग त्याच हाताने खरारा, आधी पाठीवर, मग उजव्या खांद्यावर, मग उजव्या मानेवर. आठव्या दिवशी उजवी मान ओली करू दिली. डोकं उचललं, पण पाय हलले नाहीत. डाव्या बाजूला मात्र तोच बोळा हातभर अंतरावर आला की शिंगरू निघालं. कोरडा बोळा डावीकडे चालत होता.

मला वाटलं, झालं: वास आणि ती बाजू, दोन्ही मिळून. मुलीला पटेना. तिने वहीत दोन रकाने आखले आणि साध्या पाण्याचा बोळा करून पाहिला. कोमट पाणी डावीकडे चाललं. बर्फाचं पाणी डावीकडे लावताच शिंगराने कातडी थरथरवली आणि एक पाऊल मागे घेतलं. उजवीकडे तेच बर्फाचं पाणी, काही नाही.

स्पिरिट उडताना कातडी गार पडते. म्हणजे शिंगराला आठवत होता तो वास की गारवा, हे कळेना. की अंगठ्याने शीर दाबून ठेवणं, ज्याने खोड्यात अडकल्यासारखं वाटत असेल? पण अंगठ्याला ते कधीच बुजलं नव्हतं.

एक्क्याऐंशीव्या दिवशी उजव्या बाजूने रक्त काढलं. कोमट पाण्याने केस बसवले, कोरड्या फडक्याने टिपले, सुई गेली. शिंगराने कान मागे नेला आणि परत पुढे आणला. नळी भरली. अर्जावरच्या घोड्याच्या आकृतीत कपाळावरचा चांद आणि मागच्या डाव्या पायाचा पांढरा मोजा मी काढला, प्रयोगशाळेचं उत्तर निर्दोष आलं, दाखला वेळेत झाला.

स्पर्धेत पूल, ताडपत्री, फाटक बिनचूक झालं. वाशांमध्ये मागे सरकताना एकदा खूर लागला. नंबर आला नाही. तपासणीच्या फेरीत पंचाने डाव्या मानेवरून हात फिरवला तेव्हा शिंगरू उभं राहिलं. पंचाचा हात कोरडा होता.

शिंगरू आता तिच्याकडेच आहे. वर्ष पुरं झालं की मालकीचा कागद मिळेल. परवा तिने विचारलं, स्पिरिटची बाटली तासभर खिशात ठेवली तर अंगाइतकी कोमट होईल का? म्हणजे वास राहील आणि पहिल्या क्षणाचा गारवा जाईल. होईल, म्हटलं, पण उडताना पुन्हा गार पडेलच, तेव्हा तुला पहिले दोन-तीन सेकंदच बघायला मिळतील. "तेवढे पुरतात," ती म्हणाली. रविवारी करून बघणार आहे, डाव्या बाजूला.