आमची वाटचाल : बालगृहाच्या रजिस्टरमधून उभं राहिलेलं सॉफ्टवेअर

दादरला ऑफिस थाटलं तेव्हा आम्ही हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं आणि दुकानांचा स्टॉक, एवढंच करत होतो. मग उपनगरातल्या एका स्वयंसेवी संस्थेने बोलावलं. त्यांच्या बालगृहाच्या फायलींनी कपाट भरलेलं, आणि बालकल्याण समितीपुढच्या (मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढच्या) तारखा अधीक्षिका बाईंच्या डायरीत. 'एवढं कॉम्प्युटरवर करून द्या,' इतकीच मागणी होती. काम घेतलं, आणि सुरुवातीचे कित्येक आठवडे कोडला हात न लावता शब्द गोळा करत बसलो.

कारण या क्षेत्रात मुलाच्या नावापुढे जो शब्द पडतो, त्यावर मूल कुठे जाणार हे ठरतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे 'विधिसंघर्षग्रस्त बालक' (ज्याच्याकडून गुन्हा घडला किंवा घडल्याचं म्हटलं जातं असं मूल) बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' बालकल्याण समितीपुढे. तेही प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत. अनाथ, सोडून दिलेलं आणि पालकांनी स्वतः सुपूर्द केलेलं, अशी तीन मुलं एकाच पंगतीत जेवतात, पण कायद्याने त्यांची घड्याळं वेगळी लावली आहेत. पहिल्या दोघांच्या घरच्यांचा शोध लागला नाही, तर दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याची घोषणा दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत आणि मोठ्याबाबत चार महिन्यांत व्हायला हवी. सुपूर्द केलेल्या मुलाच्या पालकांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. या तिघांपैकी चुकीचा पर्याय यादीतून निवडला गेला तर आईच्या हक्काचे दिवस स्क्रीनवर दिसणारच नाहीत. म्हणून या तिन्हींपैकी कोणताही पर्याय प्रवेशाच्या दिवशी निवडायची सोयच आम्ही ठेवली नाही. तोवर 'चौकशी सुरू' एवढंच. पुढे समितीचा आदेश क्रमांक भरल्याशिवाय तो रकाना उघडत नाही.

परदेशी सॉफ्टवेअरही पाहिली. अमेरिकेत १९९३ पासून राज्यांना बालकल्याणाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीसाठी केंद्राचा निधी मिळत आला आहे, आणि २०१६ मध्ये तिथले नियम नव्याने झाले. तिथली शब्दावली पालकांविरुद्धच्या तक्रारीपासून सुरू होते. तक्रार आली, तपास झाला, तथ्य आढळलं की नाही, मग फोस्टर केअर, म्हणजे मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवणं. आपल्याकडे बहुतेक वेळा सुरुवात रेल्वे फलाटावर सापडलेल्या मुलापासून होते. तो साचा मराठी लेबलं लावून वापरावा असं सुचवणारे भेटले. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

मुंबईची आणखी एक गोष्ट. मूल सीएसएमटीला सापडलं तर मुंबई शहर जिल्ह्याची समिती, कुर्ल्याच्या टर्मिनसला सापडलं तर उपनगराची. त्यामुळे 'सापडल्याचं ठिकाण' हा रकाना पत्त्यापेक्षा आधी येतो. 'कोणी आणलं' या यादीत पोलीस, रेल्वे पोलीस, मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन (ती १९९६ साली इथेच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली) यांच्या जोडीला 'मूल स्वतः आलं' हाही पर्याय आहे. कायद्यात तो आहेच, आणि अशी मुलं खरोखर येतात.

सगळ्यात जास्त वेळ वयावर गेला. अधीक्षिका बाईंनी जुनं रजिस्टर उघडून दाखवलं. पानंच्या पानं १ जानेवारी. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, पण रकाना मोकळा सोडता येत नाही, म्हणून सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. आम्ही जन्मतारखेची सक्ती काढली आणि तीन रकाने केले: मुलाने सांगितलेलं वय, दिसण्यावरून अंदाजे वय, आणि समितीने नोंदवलेलं वय. तिसरं कशावरून ठरवलं, हे लिहावंच लागतं. शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तेव्हाच वैद्यकीय तपासणी. हाच क्रम कलम ९४ मध्ये आहे.

कलम ३ मधलं एक तत्त्व आमच्या टेबलासमोर लावून ठेवलंय: मुलाच्या बाबतीत आरोप करणारे शब्द वापरायचे नाहीत. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आरोपी', 'अटक', 'बालगुन्हेगार' हे शब्द कुठल्याही छापील अहवालात येत नाहीत. पण माणसं बोलायची तशीच बोलतात. डोंगरीच्या निरीक्षणगृहाला (चौकशी सुरू असताना विधिसंघर्षग्रस्त मुलांना ठेवतात तिथे) अर्धी मुंबई अजून रिमांड होमच म्हणते. त्यामुळे शोधताना कुणी 'रिमांड होम' टाइप केलं तरी निरीक्षणगृहाचीच नोंद सापडते. नव्या काळजीवाहक ताईंना यावरून कुणी टोकू नये, असं मला मनापासून वाटतं.

'डिलीट'वरून मात्र ऑफिसात चांगलीच वादावादी झाली. प्रोग्रामर मंडळींना नोंद पुसायला आवडत नाही. ती लपवतात, कधीतरी लागेल म्हणून. कलम २४ नुसार, जघन्य गुन्ह्यांतला अपवाद वगळता, विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या दोषसिद्धीची कागदपत्रं ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायची असतात. नष्ट म्हणजे नष्ट, बॅकअपमधूनसुद्धा. यासाठी बॅकअपची सगळी रचना बदलावी लागली. खर्च आमच्यासारख्या छोट्या कंपनीला जड होता, तरी केला. त्या मुलाला पुढे नोकरी मागायची आहे.

आता इतर जिल्ह्यांतूनही फोन येतात. डेमो आम्ही नंतर दाखवतो. आधी आम्ही त्यांच्या रजिस्टरचे आणि फॉर्मचे नमुने मागवतो, आणि ते कोरेच पाठवा असं बजावून सांगतो. मुलाची ओळख बाहेर जाण्याबाबत कलम ७४ कडक आहे, आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायची सवय अजून गेलेली नाही.