तुम्ही विचारलंत म्हणून: आधी ऐकावं की आधी वाचावं?

विज्ञानकथेचे जुने रेडिओ कार्यक्रम ऐकायचे तर सुरुवात कुठून करावी, आणि हल्ली काय वाचताय? हे दोन प्रश्न बहुतेक एकापाठोपाठ येतात. दोन्हींचं उत्तर एकच आहे. अमेरिकेतल्या एनबीसी या नभोवाणी कंपनीचा ‘एक्स मायनस वन’ हा विज्ञानकथांचा कार्यक्रम ऐकायला घ्या आणि त्याचा एखादा भाग ज्या कथेवरून बेतलाय ती मूळ कथा मिळवून वाचा. माझं हल्लीचं वाचन असंच चाललंय, नभोनाट्य आणि कथा शेजारी ठेवून. यात एकच गोष्ट ठरवावी लागते : आधी काय? ते कथेगणिक बदलतं.

थोडी पार्श्वभूमी. एनबीसीने ८ एप्रिल १९५० ते २९ सप्टेंबर १९५१ या काळात ‘डायमेन्शन एक्स’ हा असाच कार्यक्रम चालवला. त्याचे ५० भाग झाले. मग २४ एप्रिल १९५५ला ‘एक्स मायनस वन’ सुरू झाला आणि जानेवारी १९५८पर्यंत टिकला. दोन्हीकडची बरीचशी रूपांतरं अर्नेस्ट किनॉय आणि जॉर्ज लेफर्ट्स यांची. ‘एक्स मायनस वन’च्या सुरुवातीच्या अनेक भागांसाठी आधीच्याच संहिता पुन्हा वापरल्या गेल्या, म्हणून एकच नाव दोन्ही याद्यांत दिसतं. ती एकाच ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत समजून टाकून देऊ नका, नाटक नव्याने बसवलेलं आहे. पुढे पुढे कथा मुख्यतः ‘गॅलक्सी’ मासिकातून आल्या आणि सूर बदलला. यंत्रांपेक्षा समाजावर जास्त रोख आला. जाहिरातींवर पोसलेल्या माध्यमाने फ्रेडरिक पोलची ‘द टनेल अंडर द वर्ल्ड’ सादर करावी, हे मला आजही धाडसाचं वाटतं. ती जाहिरातींविषयीच आहे, याहून जास्त सांगत नाही.

अर्ध्या तासातून सुरुवातीची घोषणा आणि शेवटची नामावली वजा केली की नाटकाला जेमतेम २५ मिनिटं उरतात. मिनिटाला दीडशे शब्द धरले तरी पावणेचार हजारांच्या पुढे जाता येत नाही, आणि त्यातही संगीत नि शांतता यांना जागा द्यायची असते. मूळ कथा दहा-बारा हजार शब्दांची असेल तर दोन तृतीयांश गळणारच. काय गळलं यावरून आधी ऐकायचं की वाचायचं ते ठरवा. कथा माणसांच्या बोलण्यावर उभी असेल तर आधी ऐका. पुराव्यावर पुरावा रचत जाणारी किंवा डोळ्यांनी पाहायच्या तपशिलांवर उभी असेल तर आधी वाचा.

आधी ऐकायच्या कथांत टॉम गॉडविनची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ सर्वांत वर. कथा ऑगस्ट १९५४च्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकातली, नाटक २५ ऑगस्ट १९५५चं. एक छोटं यान, मोजून भरलेलं इंधन, एक वैमानिक आणि चोरून चढलेली एक मुलगी. जागा एकच, पात्रं दोन, बाहेरच्या जगाशी संबंध फक्त बिनतारी संदेशांचा : हे रेडिओसाठीच लिहिल्यासारखं आहे. नंतर कथा वाचताना मात्र एक आक्षेप मनात ठेवा. जिथे किलोकिलोचा हिशेब आहे, तिथे उड्डाणाआधी यानाचं वजन कुणी का केलं नाही, दाराला कुलूप का नव्हतं? गणित निसर्गाचं आहे, पण राखीव इंधन न ठेवण्याचा निर्णय माणसांचा आहे. ऐकताना हा विचार सुचायला उसंत मिळत नाही. वाचताना सुचतो, आणि कथा त्यामुळे अधिक अस्वस्थ करते.

मरे लेन्स्टरची ‘अ लॉजिक नेम्ड जो’ही आधी ऐकण्याची. घरोघरी पडदा आणि कळफलक असलेली यंत्रं, ती सगळी एका मोठ्या माहितीसाठ्याला जोडलेली, आणि त्यांतलं एक मागेल त्याला मागेल ते सांगू लागतं. ही कथा मार्च १९४६ची आहे. एनिॲक हा संगणक लोकांसमोर आला तो त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत! ‘अस्टाउंडिंग’च्या त्या जुन्या अंकात ती लेन्स्टर या नावाखाली शोधलीत तर सापडणार नाही. तिथे लेखक म्हणून विल एफ. जेन्किन्स हे त्यांचं खरं नाव छापलंय.

असाच गोंधळ रे ब्रॅडबरींच्या ‘मार्स इज हेवन’बाबत होतो. १९४८ साली ती ‘प्लॅनेट स्टोरीज’मध्ये याच नावाने आली, पण ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’ या पुस्तकात ती ‘द थर्ड एक्स्पिडिशन’ झाली. मासिकात यान १९६० साली उतरतं, पुस्तकात २००० साली, आणि १९९७नंतरच्या काही आवृत्त्यांत सगळ्याच तारखा ३१ वर्षं पुढे ढकलल्या आहेत. साल जुळत नाही म्हणून वेगळीच कथा हाती आली असं समजू नका. ही आधी वाचा. कप्तान रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या जो हिशेब मांडतो, तो कागदावर पूर्ण शांततेत चालतो. रेडिओला शांततेतला विचारही आवाजातच मांडावा लागतो, आणि धार थोडी बोथट होते.

ब्रॅडबरींचीच ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ ६ मे १९५०च्या ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात छापली गेली आणि १७ जूनला ‘डायमेन्शन एक्स’वर ऐकू आली, अवघ्या सहा आठवड्यांत. कथेत जिवंत माणूस नाही, बोलतं ते घर. तरीही आधी वाचा, कारण भिंतीवर उमटलेल्या आकृत्या डोळ्यांसमोर आल्याशिवाय त्या घराचा आवाज पुरता भिडत नाही.

ॲसिमॉव्हची ‘नाइटफॉल’ तर आधी वाचलीच पाहिजे. सहा सूर्यांच्या जगात अंधार कसा पडणार हे गुरुत्वाकर्षण, उत्खनन आणि धर्मग्रंथ अशा तीन वाटांनी जुळत जातं, आणि खरा आनंद त्या जुळण्यात आहे. अर्ध्या तासात निष्कर्ष उरतो, वाट उरत नाही.

नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ पुन्हा वाचताना हीच कसोटी लावून पाहिली. तिथे डाव्याचं उजवं होतं, आणि आरशातलं रूप आवाजात उमटत नाही. नभोनाट्य करणाऱ्याला तो बदल दुसऱ्या पात्राच्या तोंडून, तोही ओढूनताणून वाटणार नाही असा, वदवावा लागेल. अवघड आहे, पण कुणीतरी करून पाहण्यासारखं.

आता फायलींविषयी, कारण बहुतेक जण इथेच कंटाळून सोडून देतात. ३२ केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला ३२ किलोबिट माहितीच्या) प्रती टाळा. त्यांत ‘स’ आणि ‘श’ पाण्याखालून आल्यासारखे वाटतात. ६४ केबीपीएस मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज) पुरेसं आहे, अर्ध्या तासाची फाइल साधारण १४ एमबी होते. १२८ घेऊन फारसं काही मिळत नाही, कारण मूळ प्रसारणातच ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं फार थोडं होतं. त्याच कारणाने ईक्वलायझरवर ६-७ किलोहर्ट्‌झच्या वरचा भाग उतरवला की खरखर कमी होते आणि संवादांना धक्का लागत नाही. खरखर अगदी पुसून काढलेल्या प्रती मात्र घेऊ नका, त्यांत शब्दांची टोकं कापली जातात. हे सगळं मोनो असल्याने हेडफोनपेक्षा एकच छोटा स्पीकर बरा. त्या काळी बरंच ध्वनिमुद्रण १६ इंची तबकड्यांवर व्हायचं, एका बाजूला सुमारे १५ मिनिटं. त्यामुळे भागाच्या मध्यावर आवाजाचा पोत अचानक बदलला तर फाइल बिघडलेली नाही, बाजू बदलली आहे.

वेग चुकलेल्या प्रतीही खूप फिरतात. संशय आला तर ‘एक्स मायनस वन’च्या भागाच्या सुरुवातीला येणारी, यान सुटतानाची उलटी मोजणी जवळच्याच तारखेच्या दुसऱ्या भागातल्या मोजणीशी सेकंद लावून ताडून पाहा. ती आधीच मुद्रित केलेली असायची, म्हणून लांबी सारखी यायला हवी. शंभराला तीन-चारचा फरक आला तर तेवढा वेग बदला. पार्श्वभूमीची घरघर मोजून वेग ठरवणारे असतात (अमेरिकेची वीज ६० हर्ट्‌झची), पण ती घरघर नंतर प्रत काढताना शिरलेली असेल तर वेग चुकलेला असूनही ती बरोबर ६०वरच दिसते.

एक्स मायनस वनचे पंधरा-वीस भाग झाले की बीबीसीकडे वळा. चार्ल्स चिल्टनच्या ‘जर्नी इन्टू स्पेस’ची पहिली मालिका १९५३ची, १८ भागांची. आज ऐकायला मिळते ती १९५८ साली नव्याने मुद्रित केलेली ‘ऑपरेशन लूना’, १३ भागांची. घाई असेल तर सरळ दुसरी, ‘द रेड प्लॅनेट’, घ्या. तिच्यातला व्हिटेकर हा यानावरचा माणूस फक्त सपाट, भावनाशून्य स्वराने जेवढी भीती घालतो तेवढी कुठल्या राक्षसाने घातलेली मी ऐकलेली नाही.

‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ला मात्र स्पीकर बाजूला ठेवून हेडफोन लावा. ८ मार्च १९७८ला बीबीसीच्या रेडिओ ४वर सुरू झालेली ही मालिका स्टीरिओत (दोन्ही कानांना वेगवेगळे आवाज) रचलेली आहे आणि मोनोत तिचे कितीतरी आवाज एकमेकांत मिसळून हरवतात. इथे आधी नाटक आणि मग पुस्तक, असाच क्रम लेखक डग्लस ॲडम्सनेही ठेवला होता. १९७९ची पहिली कादंबरी पहिल्या चार भागांवर बेतलेली आहे. म्हणून चौथा भाग संपला की थांबा, कादंबरी वाचा, आणि मग पाचवा लावा.